हयातीचा दाखला

काही वाद मिटण्यासाठी जन्माला येतच नाहीत. रत्नागिरीचा आंबा सरस की देवगडचा, हा त्यातला एक. ‘ब्लेड रनर’ या इंग्रजी चित्रपटाचा नायक माणूस की यंत्र, हा दुसरा. पहिल्या वादात निदान एखादी फोड तरी तोंडात पडते. दुसऱ्यात नुसतंच तोंड चालतं, आणि तेही १९८२ सालापासून!

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिडली स्कॉट हे दिग्दर्शक, हॅरिसन फोर्ड नायक. १९८२ साली या मंडळींनी नोव्हेंबर २०१९ मधलं लॉस एंजेलिस रंगवलं. तिथे टायरेल नावाची कंपनी कृत्रिम माणसं बनवते. दिसायला, बोलायला थेट तुमच्या-आमच्यासारखी, ताकदीनं कैक पटींनी वरचढ. पण आयुष्य अवघं चार वर्षांचं. (पाच वर्षांची गॅरंटी तर आमच्या मिक्सरला होती.) यातली काही पळून पृथ्वीवर येतात आणि त्यांना हुडकून ठार मारण्याचं काम डेकार्ड या पोलिसाकडे येतं. मारणं हा शब्द मात्र तिथे वापरत नाहीत. ‘रिटायर करणं’ म्हणतात!

तर वाद असा, की हा डेकार्ड स्वतःच कृत्रिम आहे काय? पुरावे आहेत. १९९२ च्या आवृत्तीत स्कॉटसाहेबांनी डेकार्डच्या तंद्रीत एक एकशिंगी घोडा दौडवला. शेवटी दुसरा एक पोलिस कागदाची घडी घालून केलेला तसलाच घोडा त्याच्या दारात ठेवून जातो. आता याच्या स्वप्नातलं जनावर त्याला कसं ठाऊक? कारण उघड आहे. स्वप्न फॅक्टरीत बसवलेलं!

दुसरा पुरावा माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला जास्त भावतो. पोलिसप्रमुख म्हणतो, सहा पळाले, एक मेला. आणि डेकार्डपुढे ठेवतो चौघं. सहातून एक गेला की पाच उरतात, हे सांगायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. मग पाचवा कुठाय? वादप्रेमी मंडळी डेकार्डकडे बोट दाखवतात. पुढे २००७ च्या आवृत्तीत तेच वाक्य ‘दोन मेले’ असं करून टाकलं. म्हणजे पंचवीस वर्षांनी रेक्टिफिकेशन एन्ट्री! ताळा जमला, वाद तसाच राहिला. स्कॉट म्हणतात, तो यंत्रच. फोर्ड वर्षानुवर्षं म्हणत राहिले, माणूस. २०१७ साली पुढचा भाग आला, त्यानंही निकाल दिला नाही. सर्वोच्च न्यायालयसुद्धा इतकी तारीख देत नसेल.

माणूस आणि यंत्र ओळखण्याची त्यांची एक परीक्षा आहे. डोळ्यावर यंत्र रोखायचं आणि प्रश्न विचारायचे. वाळवंटात कासव उताणं पडलंय, उन्हात तडफडतंय, तुम्ही त्याला सुलटं करत नाही. का? आणि मग बुबुळ हलतं का ते बघायचं. रेचेल नावाच्या मुलीला असे शंभरावर प्रश्न विचारावे लागतात. पुढे तीच डेकार्डला विचारते, ही परीक्षा तुम्ही स्वतः कधी दिलीत का? साहेब झोपी गेलेले असतात.

आमच्या बँकेतही नोव्हेंबर हा परीक्षेचाच महिना. रिटायर झालेली माणसं रांगेत उभी राहून आपण जिवंत असल्याचा दाखला देतात. गेल्या खेपेला एक आजी आल्या. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या. अंगठा लावला, यंत्र म्हणालं, नाही. चारही बोटं झाली, नाही. काउंटरवरचा आमचा सहकारी स्क्रीनकडे बघत म्हणाला, ‘‘आजी, मॅच होत नाहीये.’’ आजी शांतपणे म्हणाल्या, ‘‘बाळा, यंत्राला नाही दिसत. तू बघ की जरा.’’

त्यानं मान वर केली. ड्रॉवरमधून कागदी फॉर्म काढला, आजींची सही घेतली, शिक्का मारून आणला. म्हटलं तर पाच मिनिटांचं काम.

मला तेव्हा चित्रपटाचा तो प्रसंग आठवला. इमारतीच्या काठाला डेकार्ड लोंबकळतोय. समोर बॅटी, म्हणजे पळालेल्या कृत्रिम माणसांचा म्होरक्या. त्याच्या दोन साथीदारणींना याच डेकार्डनं रिटायर केलेलं. स्वतः बॅटीची चार वर्षं संपत आलेली. सूड घ्यायला हातसुद्धा उचलावा लागणार नाही. आणि तो डेकार्डचं मनगट पकडून त्याला वर ओढून घेतो. उताणं पडलेलं कासव होता डेकार्ड. त्याला सुलटं केलं यंत्रानं, आणि तेही कुणी प्रश्न विचारलेला नसताना!

म्हणून माझं मत फोर्डच्या पारड्यात. डेकार्डला यंत्र ठरवलं की सारं सोपं होतं. एका यंत्रानं दुसरं यंत्र वाचवलं, आपण शेंगदाणे खात घरी. तो माणूस असेल, तर मात्र पंचाईत आहे. मग मनगट धरायला यंत्राकडून शिकावं लागलं, ही गोष्ट तुमच्या-माझ्या खात्यात नावे पडते.

स्कॉटसाहेबांना हे पटणार नाही. नाही तर नाही. त्यांनी आंब्याबद्दल बोलावं.