मोहर्ली ते न्यूयॉर्क : दोन रात्री बसमध्ये, एक दिवस पायी

मोहर्ली म्हटले की परगावच्या माणसाला वाघ आठवतो. चंद्रपूरपासून तीसेक किलोमीटरवर, भद्रावती तालुक्यात, इरई धरणाच्या पाण्याजवळ आमचे गाव आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक मोठे प्रवेशद्वार इथेच आहे. पहाटे पाहुण्यांच्या जिप्सी फाटकापुढे रांगेने उभ्या राहतात. मुंबई-पुण्याचे लोक येतात, परदेशचेही येतात. गावातली कित्येक घरे गाईडचे काम, गाडी चालवणे आणि रिसॉर्टमधली भांडी-स्वयंपाक यांवर चालतात. माझे वडील जिप्सी चालवतात. गाडी मालकाची, मेहनत वडिलांची. जग आमच्या गावाला येते, पण आमच्या गावचे कोणी जग पाहायला जाते, असे माझ्या लहानपणी ऐकले नव्हते.

मी अमेरिकेत गेलो तो शिकायला, राज्य शासनाच्या शिष्यवृत्तीवर. राहायला पिट्सबर्ग या शहरात होतो. तिथून न्यूयॉर्क सुमारे ६०० किलोमीटर. म्हणजे चंद्रपूरहून औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जाण्यासारखेच. मार्च २०१९च्या अखेरीस आम्ही चौघा विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कला जायचे ठरवले. एक मुलगी नांदेडची, एक मुलगा वारंगळचा, एक जालंधरचा आणि मी. विमानाचे तिकीट परवडणारे नव्हते आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलात एक रात्र राहणे म्हणजे आमचा पंधरा दिवसांचा किराणा. म्हणून हिशेब असा केला : जाताना रात्रीची बस, दिवसभर शहर, येताना पुन्हा रात्रीची बस. मुक्काम कुठेच नाही.

बस निघायची होती रात्री दहाला, निघाली साडेबाराला. बाहेर बोचरी थंडी. स्थानकावर बसायला बाके थोडी आणि माणसे जास्त. अमेरिकेत सगळे वेळेवर चालते असे आपल्याकडे सांगतात, पण स्वस्त बसने जाणारा माणूस तिथेही वाट पाहतच उभा असतो. त्या रांगेत आमच्यासारखे विद्यार्थी होते, रात्रपाळी संपवून निघालेल्या काळ्या बाया होत्या, लहान लेकराला कवटाळून बसलेली एक आई होती. ज्याच्याजवळ मोटार आहे तो या बसला येत नाही, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळले.

बसमध्ये शेजारच्या बाकावर आपल्याच देशाचे एक गृहस्थ होते. गाव विचारले. मी मोहर्ली म्हटले, तर त्यांनी ताडोब्याचे नाव काढले. दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब आले होते, वाघीण आणि तिचे बछडे पाहिले होते. गप्पा रंगल्या. मग त्यांनी पूर्ण नाव विचारले. मी आडनावासकट सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, ‘अच्छा’ म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून झोपी गेले. कदाचित खरोखर झोप आली असेल. पण आपल्या लोकांना ही झोप ओळखता येते. समुद्र ओलांडला म्हणून जात मागे राहत नाही, हे आता अमेरिकेलाही कळू लागले आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सिअॅटल शहराने जातिभेदाला बंदी करणारा नियम केला. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर.

सकाळी साडेदहाच्या सुमारास बस हडसन नदीखालच्या लिंकन बोगद्यातून शहरात शिरली आणि पोर्ट अथॉरिटी नावाच्या भल्या मोठ्या बसस्थानकात थांबली. पाय सुजले होते. स्थानकातच तोंड धुतले आणि घरून आणलेल्या पोळ्या जवसाच्या चटणीबरोबर उभ्याउभ्याच खाल्ल्या.

न्यूयॉर्क केवढे आहे? २०२०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८८ लाख भरली. जमीन मात्र सुमारे ७८० चौरस किलोमीटर. आमच्या व्याघ्र प्रकल्पाचे गाभा आणि बफर मिळून क्षेत्र १७२७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आमच्या जंगलात दोन न्यूयॉर्क मावतील आणि वर जागा उरेल! हे सांगितल्यावर जालंधरचा मित्र म्हणाला, “मग तुझ्या गावाला का नाही गेलो आपण?” झोप नसलेल्या माणसाला कशाचेही हसू येते. आम्ही खूप हसलो.

बेचाळिसाव्या रस्त्याने पूर्वेकडे चालत गेले की शहराचे मोठे सार्वजनिक ग्रंथालय लागते. दारात दोन्ही बाजूंना दगडी सिंह आहेत. ही इमारत १९११ साली लोकांसाठी उघडली. आत जायला तिकीट नाही, कोणी जात-गोत्र विचारत नाही, कपड्यांकडे पाहत नाही. वाचनाच्या मोठ्या दालनात लांबलचक लाकडी टेबलांवर दिवे ठेवलेले. फुकट, उबदार आणि शांत. दमलेल्या गरीब विद्यार्थ्याला शहराने यापेक्षा चांगले काय द्यावे? नांदेडची मैत्रीण तिथल्या खुर्चीवर अर्धा तास बसल्या जागी झोपली.

पण आम्ही खरे आलो होतो ते कोलंबिया विद्यापीठ पाहायला. टाइम्स स्क्वेअरखालून १ क्रमांकाची भुयारी रेल्वे पकडली. तेव्हा एका फेरीला पावणेतीन डॉलर पडत. ११६व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरलो. हे स्थानक १९०४ सालापासून चालू आहे. बाबासाहेब जुलै १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोचले तेव्हा ही गाडी याच मार्गाने धावत होती आणि तिचे भाडे पाच सेंट होते. ज्या गावाकडून आम्ही आलो तिथे आजही पोरे शाळेसाठी एस.टी.ची वाट पाहतात. त्या काळी महारवाड्यातल्या सुभेदाराचा मुलगा जमिनीखालच्या रेल्वेच्या शहरात शिकायला आला, हे त्या पायऱ्या चढताना एकदम अंगावर आले.

बाबासाहेबांचे वय तेव्हा २२ वर्षांचे होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. ती तीन वर्षांची. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्याच पैशांत राहणे, खाणे, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे. अमेरिकेत पोचलो की वाटते, आता पोट भरून जग पाहावे. ते वाटणे बाजूला सारून त्यांनी दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास केला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरून सुमारे २००० पुस्तके जमवली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. १९१५मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जात कशी निर्माण झाली आणि कशी टिकते, हे त्यांनी तिथे शास्त्रीय पद्धतीने मांडले. मग त्याच वर्षी ते लंडनला गेले.

विद्यापीठाच्या आवारात आज दिसते ते सगळे त्या काळचे नाही. समोरचे मोठे बटलर ग्रंथालय १९३४ साली उघडले. बाबासाहेबांच्या वेळचे ग्रंथालय म्हणजे घुमटाची लो लायब्ररी. तिथे आता कार्यालये आहेत. तिच्या रुंद पायऱ्यांवर विद्यार्थी उन्हाला बसतात. मधोमध विद्यामातेचा ब्राँझचा पुतळा आहे. तिच्या झग्याच्या चुणीत एक लहानसे घुबड लपवलेले आहे आणि नवे विद्यार्थी ते शोधत बसतात. आमच्याकडे घरावर घुबड बसले की म्हातारी माणसे धास्तावतात, इथे ते ज्ञानाची खूण! पक्षी तोच. शुभ-अशुभ माणसाच्या डोक्यात असते.

जवळच हार्टले हॉल हे वसतिगृह आहे. बाबासाहेब सुरुवातीला तिथे राहिले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. त्या इमारतीला आता वॉलेक हॉल म्हणतात. दोन्ही इमारती विटांच्या, साध्या. आत मुले राहतात, म्हणून आम्ही बाहेरूनच पाहिल्या. तिथे शिकणाऱ्या एका ओळखीच्या विद्यार्थिनीने मग आम्हाला लेहमन ग्रंथालयात नेले. तिथे बाबासाहेबांचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. हार नाही, उदबत्ती नाही, आजूबाजूला मुले पुस्तके उघडून बसलेली. आम्ही चौघे हात जोडून उभे राहिलो. वारंगळच्या मित्राच्या डोळ्यांत पाणी आले. मला माझे आजोबा आठवले.

नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. आजोबा तेव्हा तरुण होते. मजुरी बुडवून, फडक्यात भाकरी बांधून ते जंगलवाटेने पायी चांद्याला गेले. रात्र मैदानातच काढली आणि पायीच परतले. काय पाहिले असे विचारले की म्हणत, “लय दुरून पायलं गा, पर आयकू चांगलं आलं.” आमच्या घराण्यातला हा पहिला मोठा प्रवास. त्या दमण्यातूनच पुढे आमच्या घरात पाटी-पुस्तक आले. ज्यांचे शब्द ऐकायला आजोबा इतके चालले, ते शब्द जिथे घडले तिथे मी उभा होतो. बसच्या रात्रीचा सगळा शीण तेवढ्यापुरता गेला.

विद्यापीठाला लागूनच हार्लेम हा काळ्या लोकांचा जुना मोहल्ला आहे. १२५व्या रस्त्याने आम्ही चालत गेलो. अपोलो थिएटर बाहेरून पाहिले, एक डॉलरला मिळणारा पिझ्झाचा तुकडा खाल्ला. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले होते. पुढे १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते याच लोकांच्या ब्लॅक पँथरवरून. हार्लेमच्या फुटपाथवर अत्तर आणि टोप्या विकणारा एक म्हातारा भेटला. आम्ही आंबेडकरांच्या विद्यापीठाहून आलो म्हटल्यावर त्याला नाव ठाऊक नव्हते. पण कोण ते सांगितल्यावर त्याने प्रत्येकाचा हात हातात घेऊन दाबला.

संध्याकाळी १ क्रमांकाच्याच गाडीने शहराच्या दक्षिण टोकाला गेलो. स्वातंत्र्यदेवीच्या बेटावर जायला पैसे पडतात, पण स्टेटन आयलंडची फेरीबोट फुकट आहे आणि तिच्यातून पुतळा छान दिसतो. पंचवीस मिनिटे जायला, तेवढीच यायला. सूर्य मावळत होता, वारा कान कापत होता. आईला फोन लावला. तिथे संध्याकाळचे सात, म्हणजे मोहर्लीला पहाटेचे साडेचार. ती मोह वेचायला निघाली होती.

“बाबू, जेवला का गा?” पहिला प्रश्न नेहमीचाच. मग म्हणाली, “तेवढ्या मोठ्या शहरात रातीचं फिराचं भेव नाई वाटत?”

मोहफुलाच्या दिवसांत बाया उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन निघतात आणि वाकून फुले वेचतात. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसे जातात. त्यांत मोह, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी जंगलात शिरलेले कितीतरी असतात. पाहुणा वाघ पाहायला पैसे मोजतो. आमची आई वाघ दिसू नये म्हणून शेजारणीशी मोठ्याने बोलत चालते. आणि ती मला विचारत होती, भीती वाटत नाही का! मी म्हटले, तू एकटी जाऊ नको. ती म्हणाली, “चौघी हावो आमी. तू आपल्या अभ्यासाचं पाय.” फोन ठेवला. पुढे उजव्या हाताला मशाल धरलेली देवी उभी होती. पण माझ्या डोळ्यांपुढे टोपली घेतलेली बाई होती.

रात्रीच्या बसने परत निघालो. हिशेब केला तर माणशी ८३ डॉलर खर्च झाला होता, तेव्हाच्या दराने सुमारे ५८०० रुपये. वडिलांची दहा-बारा दिवसांची कमाई. वडिलांना मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “बाबासाहेब राहिले ती खोली पाहिली ना? मग पैसे फुकट नाही गेले.”

वाचकहो, कोणाची मुले-मुली तिकडे गेलीच तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. २०२४मधल्या आंदोलनांनंतर कोलंबियाच्या आवारात बाहेरच्यांना पूर्वीसारखे सहज जाता येत नाही, म्हणून आधी चौकशी करून, तिथल्या विद्यार्थ्याच्या ओळखीने जावे. आणि जाण्याचा रस्ता आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३पासून आहे. दरवर्षी ७५ जणांना ती देण्याची तरतूद आहे. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट ही कागदे आधीच तयार ठेवावीत. आमच्या भागातली हुशार मुले मार्कांत कमी पडत नाहीत. ती कागदांत अडकतात आणि तारीख निघून जाते.

माझी धाकटी बहीण आता कागद जमवते आहे. तहसीलच्या पायऱ्या चढून ती दमते आणि मला फोन करते. मी तिला एवढेच सांगतो, दमून घे. आपल्या घरात आजवर जे काही आले आहे, ते कोणीतरी दमल्यावरच आले आहे.