न मोडलेला कॅमेरा

यंत्र मोडलें म्हणजे तें निकामी होतें, हें आपण जाणतोंच. परंतु एकही स्क्रू न हलतां यंत्र निकामी कसें होतें, याचें उदाहरण आमच्या कपाटांत आहे. तो कोडॅक कंपनीचा इन्स्टामॅटिक १०४ हा कॅमेरा होय. अमेरिकेस राहणाऱ्या आमच्या मामांनीं तो आमच्या मातोश्रींस पाठविला होता.

इन्स्टामॅटिक कॅमेरे १९६३ सालीं बाजारांत आले. तत्पूर्वीं फिल्म भरणें नवशिक्यास संकट वाटे. सावलींत उभें राहून फिल्मचें टोंक रिळांत अडकवावें, आणि प्रकाश लागल्यास सारीं चित्रें वायां जावींत! इन्स्टामॅटिकची फिल्म प्लॅस्टिकच्या बंद डबींत येई. डबीचा आकारच असा कीं, ती उलटी बसूं नये. ती ठेवून झांकण लाविलें कीं काम झालें. प्रत्येक चित्रासाठीं फिल्मला एक छिद्र असे. त्यांत बारीक आंकडी पडतांच फिल्म नेमक्या जागीं थांबे. माथ्यावर चार दिव्यांचा ‘फ्लॅशक्यूब’ बसे. एक दिवा जळाला कीं फिल्म पुढें सरकवितांना तो वळून दुसरा दिवा समोर येई. चित्र चौरस निघे. त्यामुळें कॅमेरा आडवा धरावा कीं उभा, हा प्रश्नच नसे.

आमच्या मातोश्रींनीं पूर्वीं कोणतेंही यंत्र हाताळिलें नव्हतें. तरी आमच्या आजी जात्याशीं बसल्या आहेत, असें जें एकुलतें एक चित्र घरांत आहे, तें त्यांनींच घेतलें. छायाचित्रकाराच्या दुकानांत आजींनीं कधीं पाऊल ठेविलें नाहीं. डब्या येणाऱ्याजाणाऱ्या नातलगांबरोबरच मिळत. म्हणून एकेक चित्र विचार करून घेतलें जाई.

कोडॅकनें या डब्या करणें १९९९ सालीं बंद केलें आणि आमचा धडधाकट कॅमेरा मुका झाला. आतां कांहीं हौशी लोक जुन्या रिकाम्या डबींत अंधारांत चांचपडत दुसरी फिल्म भरितात. जें संकट टाळण्यासाठीं हा कॅमेरा जन्मला, तेंच त्याच्या वांट्यास आलें!

सोय वाईट, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं; तिच्यावांचून आजींचें चित्र आमच्या घरीं नसतें. मात्र सोय दुसऱ्याच्या हातीं असते, आणि तो हात केव्हां आंखडेल याचा नेम नाहीं. म्हणून मुलांनो, आज हातीं असलेल्या साधनानें आपल्या आजीचें, ती कामांत असतांनाचें, एक चित्र घ्या, आणि तें कागदावर उमटवून घरीं जपून ठेवा.