चादरींचा हिशेब

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याकडे आमचं गाव. शेतातल्या जुन्या घराला लागून आम्ही चार खोल्या बांधल्या आणि घाट बघायला येणाऱ्यांना राहायला देऊ लागलो. पाहुणे भाकरीची तारीफ करतात, धबधब्याखाली भिजून येतात आणि रविवारी संध्याकाळी निघून जातात. मागे उरतात चादरी, अभ्रे, टॉवेल, पायपुसणी. जुलै-ऑगस्टात सोमवारी सकाळी पडवीत धुण्याचा ढीग पडलेला असतो आणि बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

घरातलं साधं, समोर दार असलेलं धुण्याचं यंत्र या ढिगापुढे टिकलं नाही. ते घरासाठी बनवलेलं होतं आणि आम्ही त्याच्याकडून हॉटेलचं काम घेत होतो. एकेक धुणं अडीच तास चालायचं, त्यात मध्येच वीज जायची. शेवटी विजेच्या चढउतारात त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळला. बदलायचा तर नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे, शिवाय तपासायला येण्याचं भाडं वेगळं. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणहून रस्त्यानं यायचं म्हटलं की कारागिराचा अख्खा दिवस मोडतो, आणि तो दिवस तो आपल्याकडूनच वसूल करतो.

मध्यंतरी काही महिने चादरी कल्याणच्या एका लाँड्रीत टेम्पोनं पाठवल्या. धुतलेल्या स्वच्छ यायच्या, पण वेळेवर यायच्या नाहीत. आमच्या चादरी दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जायच्या आणि टेम्पोचं भाडं धुलाईच्या बरोबरीनं यायचं. घरी सासूबाईंचे गुडघे गेलेले, हाताशी असलेली बाई लावणीच्या दिवसांत स्वतःच्या शेतावर. उरले मी. ओल्या डबल चादरी पिळून पिळून मनगटं सुजायची. तेव्हा ठरवलं, आता हॉटेलात असतं तसं यंत्र घ्यायचं.

या यंत्रांना विकणारे ‘सेमी-कमर्शियल’ म्हणतात. बाहेरून ती घरगुती यंत्रासारखीच दिसतात. फरक आत असतो: जाड पत्रा, मोठे बेअरिंग, ताकदवान हीटर, गरम आणि थंड पाण्याच्या वेगळ्या तोट्या, आणि तासाभरात धुणं उरकण्याची तयारी. दहा किलोच्या यंत्राचं कोटेशन तीन लाखांच्या पुढे आलं, वर १८ टक्के जीएसटी. चांगलं घरगुती यंत्र पस्तीस-चाळीस हजारांत येतं. आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढ्यात दोन म्हशी येतील.” त्यांचं बरोबरच होतं.

तरी मी हिशेब मांडला. वर्षाला सहाशे धुणी आणि यंत्राचं आयुष्य दहा वर्षं धरलं, तर सगळ्या वरखर्चासकट एका धुण्यामागे यंत्राचे सत्तर-एक रुपये पडतात. चादरी भाड्यानं धुऊन घेण्यापेक्षा हे स्वस्त. पण चार माणसांच्या घरात वर्षाला अडीचशे धुणी होत असतील, तर तोच आकडा पावणेदोनशेपर्यंत चढतो. त्या घरानं हे यंत्र घेऊ नये, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगते. टिकाऊपणाच्या नावाखाली ते त्यांच्या गळ्यात मारलं जातं. जर्मनीची मीले कंपनी आपली घरगुती यंत्रंसुद्धा वीस वर्षांच्या वापराच्या हिशेबानं तपासते. यंत्र चांगलं बनवायचं मनात असेल तर घरासाठीही बनवता येतं.

वरखर्च मात्र कोटेशनात नव्हता. आमच्याकडे एकच फेज. यंत्राला तीन हव्यात, कारण त्याचा हीटर सहा किलोवॅटचा. महावितरणकडे अर्ज, वायरिंग, नवं मीटर, अर्थिंग. गावच्या वायरमननं डीपीकडे बोट दाखवून आधीच बजावलं, “वहिनी, तीन फेज मिळतील, पण संध्याकाळी पंप सुरू झाले की दाब पडणार.” तसंच होतं. हीटरची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टचे १७० झाले की जुन्या यंत्रातला दोन किलोवॅटचा हीटर जेमतेम अकराशे वॅटचं काम करतो. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठवर न्यायला अठरा मिनिटं पुरे असतात, तिथे पाऊण तासाच्या जवळ जायला होतं, कारण ड्रम आणि कपडेही तापावे लागतात. जुन्या यंत्राची रखडपट्टी यातूनच होती, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. नव्या यंत्राचा मोठा हीटर पडत्या दाबातही वेळ सांभाळतो. पण बोर्ड वाचवायला स्टॅबिलायझर लागलाच, आणि धुण्याची वेळ आम्ही सकाळवर आणली.

मग पाण्याचा जोर. यंत्राच्या व्हॉल्व्हला पाणी आत ढकलायला दाब लागतो, आणि दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून साधारण एक बार मिळतो. आमचं घर बैठं, टाकी पत्र्यावर. यंत्र पाणी घेतंय की थेंब मोजतंय कळेना. लोखंडी मनोरा उभारून टाकी वर नेली. सांडपाण्याला पंप नाही, खालून झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनानं जातं. म्हणून यंत्राखाली काँक्रीटचा ओटा बांधला. तीन फेज, मनोरा, ओटा, स्टॅबिलायझर मिळून पाऊण लाख गेले.

आता कामाचं सांगते. लावणीच्या दिवसांतला चिखल थेट गरम पाण्यात घालायचा नसतो. तो वाळू द्यायचा, पडवीच्या कठड्यावर झटकायचा, मग यंत्रात आधी थंड पाण्यानं खळबळायचा. अंड्याचे, रक्ताचे, दुधाचे डागही तसेच. गरम पाणी लागलं की ते धाग्यात शिजून बसतात. या यंत्रात पायऱ्या आपण ठरवू शकतो: दोनदा थंड, मग साठ अंश, मग तीनदा खळबळ. पहिल्या खेपेचं पाणी गाळाचं, चहाच्या रंगाचं बाहेर येतं. दुसऱ्या खेपेला फिकट होतं, आणि तेव्हाच साबण सोडायचा. साबण कमी फेसाचा, मोजून. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, म्हणून हीटरवर पांढरी पुटं चढतात. अधूनमधून सायट्रिक ॲसिड टाकून रिकामं यंत्र गरम पाण्यावर फिरवावं लागतं.

सगळ्यात मोठा फरक पिळण्यात पडला. पिळण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून मिनिटाला हजारांऐवजी चौदाशे फेरे म्हणजे जवळजवळ दुप्पट जोर. एक किलो सुक्या कापडात हजार फेऱ्यांना साधारण सहाशे ग्रॅम पाणी मागे राहतं, चौदाशेला पाचशेच्या आसपास. दहा किलो धुण्यात लिटरभर पाणी कमी. ऐकायला थोडं वाटतं. पण अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात वलणीवरची चादर एका दिवसात वाळते की तिसऱ्या दिवशी कुबट वास मारते, ते त्या लिटरावर ठरतं. आमच्या चादरी आता रात्री पंख्याखाली टाकल्या की सकाळी घडी घालण्याजोग्या होतात.

हिवाळ्यात पाहुण्यांना म्हसा गावच्या यात्रेतून आणलेली घोंगडी देतो. ती यंत्रात कधीच जात नाहीत. उष्णता आणि घुसळण मिळाली की लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते. त्यांना ऊन दाखवायचं, झटकायचं, बस्स.

हिवाळ्या-उन्हाळ्यात सौरबंबाचं पाणी गरम तोटीला जोडलं आहे, त्यामुळे हीटर फारसा लागत नाही. पावसाळ्यात सूर्य नाही, तेव्हा एका धुण्याला फक्त पाणी तापवायलाच सव्वा युनिट लागतं.

पाणी हा मात्र या यंत्राचा कच्चा दुवा आहे, आणि मला तो डाचतो. माझं माहेर शहापूर तालुक्यात, तानसाकडे. तानसा धरण १८९२ सालचं. त्याच तालुक्यात मोडकसागर, त्याच तालुक्यात भातसा. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकर फिरतात. लहानपणी आम्ही धुणं डोक्यावर घेऊन डोहावर जायचो, डोह आटला की मुंबईला जाणाऱ्या जलवाहिनीच्या गळतीवर. खडकावर चादर आपटताना पायाशी ओंजळभर पाणी असायचं, आणि बाकीचं सगळं पाणी त्या पोलादी नळातून घोंघावत पुढे जायचं. आज माझी भाची तेच करते. हे मला पटत नाही, आणि पटवून घ्यायचीही इच्छा नाही.

घरगुती यंत्र एका धुण्याला पन्नास-साठ लिटर घेतं. माझं सव्वाशेपर्यंत जातं, कारण झटपट खळबळायला ते पाणी सढळ घेतं. शेवटच्या खळबळीचं पाणी मी वेगळ्या टाकीत साठवते आणि पुढच्या धुण्याच्या पहिल्या खेपेला वापरते. साबणाचं पाणी शोषखड्ड्यात. एवढं करून काही हिस्सा वाचतो. मार्चनंतर बोअर खाली गेली की खोल्याही कमी देते.

माहेरच्या बचत गटातल्या बायकांनी यंत्र पाहिलं आणि गावात सामायिक घ्यायचं त्यांच्या मनानं घेतलं. वहिनी म्हणाली, “वन्सं, बाळंतिणीचं, आजाऱ्याचं धुणं तरी डोहावर न्यायला नको.” मी त्यांच्याबरोबर बसून कागद केला. दहा लिटर कमी पाणी घेणारं यंत्र आधी, वेग नंतर. त्याहीआधी पंधरा हजार लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी, शाळेच्या पत्र्यावरून भरणारी. यंत्र खराब झालं तर किती दिवसांत माणूस येईल, हे विकणाऱ्याकडून लेखी. आसनगाव स्टेशन त्यांना जवळ आहे, तेव्हा तेवढं मागणं गैर नाही. दोन दुकानदारांनी कोटेशन पाठवलं आहे. लेखी द्यायला अजून एकच तयार झाला, आणि त्याचं यंत्र वीस हजारांनी महाग आहे. बायका त्याच्याकडूनच घेणार आहेत. टाकीचा खड्डा खणायला घेतला आहे.