एक, दोन, तीन... बेचाळीस!

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा संपल्या आणि होस्टेल रिकामं झालं. मी गावी गेलो नाही. एम-थ्रीने पुन्हा एकदा दगा दिला होता आणि बाबांसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. मेस बंद, खिशाचं तर विचारूच नका. अशात महेश सोसायटी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानावर एक पत्रक दिसलं. 'धमाल उन्हाळी शिबिर! वय ५ ते १२. मातीकाम, ओरिगामी, नाच, वैदिक गणित, व्यक्तिमत्त्व विकास आणि एक दिवसाची सहल.' खाली बारीक अक्षरात, 'मदतनीस ताई-दादा पाहिजेत.' पंधरा दिवसांचे चार हजार आणि रोज नाश्ता. नाश्ता वाचून लगेच फोन लावला.

मुलाखत दीड मिनिटाची झाली. मॅडम म्हणाल्या, "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग झालं! टी-शर्टचा साइज सांग." बास. मित्रांनो, बिबवेवाडीत साधी वन आरके भाड्याने घ्यायची तर पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, डिपॉझिट लागतं, वर मालकाचं तासभर प्रवचन ऐकावं लागतं. इथे बेचाळीस पोरं हवाली करताना माझ्याबद्दल एकच माहिती पुरली, एल साइज.

पालकांनीही काही विचारलं नाही. म्हणजे प्रश्न खूप होते: सर्टिफिकेट मिळणार का, फोटो ग्रुपवर रोज टाकणार का, पाणी फिल्टरचं आहे ना. पण हा दाढी वाढलेला दादा कोण, एखादं पोर पडलं तर याला काही कळतं का, हे कोणी नाही. (मला नव्हतं कळत. प्रथमोपचाराची पेटी होती, तिच्यात एक रिकामी आयोडेक्सची बाटली आणि राख्या होत्या.)

शिबिर मात्र वाईट नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. मातीकाम शिकवणारे काका तर अफलातून. त्यांच्या तासाला सगळ्यात दंगेखोर पोरगासुद्धा जीभ बाहेर काढून बैल करत बसायचा. वैदिक गणिताबद्दल मी बोलणं बरं नाही. आम्ही चार मदतनीस. त्यातली एक ताई लहानपणी सारसबागेसमोरच्या गरवारे बालभवनात जायची, शोभा भागवतांनी अनेक वर्षं सांभाळलेल्या. ती कधी आकडे मोजायची नाही, नावं घ्यायची. दारात उभी राहून एकेकाचं नाव, एकेकाच्या डोक्यावर टप्पल. मला ते वेळखाऊ वाटायचं. मी आपला इंजिनिअर, एक ते बेचाळीस, तीस सेकंदात काम खल्लास.

सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाची होती. नेमकी त्या दिवशी ताई तापाने आडवी झाली. राहिलो तिघं. म्हणजे प्रत्येकी चौदा. डिझाइनच्या पेपरात लिफ्टच्या दोराला आपण दहाच्या आसपास फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो. इथे एक दोर आधीच तुटला होता आणि आम्ही गाणी म्हणत निघालो. मॅडमना वाटलं असेल जमेल, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

ती जागा बघितली आहे ना तुम्ही? सर्पोद्यान, हरणं, वाघ, आणि आत तो मोठा तलाव. दुपारी एकपर्यंत पोरं आणि आम्ही दोघेही उन्हाने वितळलो होतो. बसमध्ये चढवलं, मी मधल्या पट्टीत उभा राहून डोकी मोजली. बेचाळीस. "ओके काका, चला!"

बालाजीनगरच्या ट्रॅफिकमध्ये एक सात वर्षांची मुलगी माझा टी-शर्ट ओढायला लागली. "दादा, माझा जोडीदार नाहीये."

"असेल गं मागे."

"नाहीये. त्याची बाटली माझ्याकडेच आहे."

मी परत मोजलं. बेचाळीस. पुन्हा मोजलं. बेचाळीस. आणि मग बसकाकांच्या मागच्या सीटवर एक मुलगा दिसला, ज्याच्या अंगात शिबिराचा पिवळा टी-शर्टच नव्हता. बसकाकांचा मुलगा. शाळेला सुट्टी म्हणून ते त्याला सोबत घेऊन आले होते.

बस वळवून परत पोचेपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळात वीस-पंचवीस मिनिटं असेल. माझ्या डोक्यात त्या वेळात फक्त तलाव होता. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या मामांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं होतं, हातात पार्ले-जी. वाघ परत बघायला गेला होता म्हणे. रडून झालं होतं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "तू मला मोजलं नव्हतंस का?" रोज सकाळ-संध्याकाळ माझी मोजणी ऐकत होता ना तो.

संध्याकाळी मॅडमनी आम्हाला बाजूला घेतलं. "पोर सापडलं ना? मग पालकांना उगाच घाबरवू नका." त्याची आई न्यायला आली. काकूंनी मला शंकरपाळ्यांचा डबा दिला, "होस्टेलवर राहतोस म्हणाला हा." मी थँक्यू म्हटलं आणि गप्प बसलो. पोरगंही बोललं नाही, त्याचं सगळं लक्ष ओरिगामीच्या बेडकात.

त्या रात्री झोप आली नाही. मोबाइलवर जुन्या बातम्या वाचत बसलो. एप्रिल २०१८ मध्ये मुळशीत कातरखडकच्या धरणात चेन्नईहून उन्हाळी शिबिराला आलेली तीन शाळकरी मुलं बुडाली. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्यातल्याच एका कॉलेजची सहल मुरुडला गेली होती, समुद्राने चौदा विद्यार्थी नेले. ते तर आपल्याच वयाचे. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, अशा उपक्रमांना नोंदणी आली. ठीक आहे. पण ते दोर, डोंगर, पाण्यातल्या साहसांसाठी. आमच्या शिबिरात साहस कुठे होतं? मातीचे बैल आणि कागदी बेडूक. चूक झाली ती एका आकड्यात, आणि तो आकडा तर बरोबर आला होता.

तिसऱ्या दिवशी मी काकूंना सांगितलं. गेटपाशी, स्कूटी चालू असतानाच. त्यांनी स्कूटी बंद केली. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, "तुम्ही किती जण होतात?"

"तिघं."

"बेचाळीस मुलांना?"

"हो काकू."

"हे मी आधी विचारायला हवं होतं रे," म्हणाल्या. आणि लगेच, रागाने, "आणि तू त्याच दिवशी सांगायला हवं होतंस!"

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आणखी चार जण आले नाहीत. मॅडमनी माझे आठशे रुपये कापले, पण दारावर नावांची यादी लागली आणि पुढच्या बागेच्या सहलीला दोन आया सोबत आल्या. ताई बरी होऊन परतली तेव्हा मी तिच्याकडून सगळ्यांची नावं पाठ करून घेतली. एम-थ्रीपेक्षा सोपं गेलं. होस्टेलवर हल्ली ट्रेकला निघताना मी नावं घ्यायला लागलो की पब्लिक मला 'तलाठी' म्हणते. म्हणू देत.

शंकरपाळ्यांचा डबा बरेच दिवस माझ्या टेबलावर पडून होता. शेवटी एका रविवारी घासून, पुसून परत द्यायला गेलो. दार त्यानेच उघडलं, आणि आत तोंड करून ओरडला, "आई, मोजणारा दादा आलाय!"