‘देणग्या’ ही एक ओळ

आंबोली,
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

चि. बाय,


तुझं अंदाजपत्रक मिळालं. खर्चाची बाजू फार नेटकी केली आहेस. दोन शिक्षिकांचं मानधन, खोलीचं भाडं, वह्या, खाऊ, वीजबिल, सगळं बिलं समोर ठेवून लिहिलेलं दिसतं. जमेच्या बाजूला मात्र ‘देणग्या’ अशी एकच ओळ आहे आणि तिच्यापुढचा आकडा असा आहे, की दोन्हीकडच्या बेरजा रुपयाला रुपया जुळाव्यात. हे पत्र त्या एका ओळीसाठी.

खर्च आधी मांडायचा, त्यातून ठेवींचं व्याज वजा करायचं आणि उरेल ते ‘देणग्या’ म्हणून टाकायचं, ही रीत आपल्याकडे सर्रास आहे. बेरीज बरोबर असते, म्हणून कुणी हरकतही घेत नाही. पण त्या आकड्यात संस्थेची गरज लिहिलेली असते. लोक किती देणार, हे त्यात कुठेच नसतं. आणि गरज एकदा जमेच्या रकान्यात बसली की ती हातात आल्यासारखी वाटू लागते. त्या भरवशावर जूनमध्ये तिसरी शिक्षिका नेमली जाते आणि दिवाळीच्या तोंडावर तिचं मानधन थकतं.

तूट कुणीतरी भरतंच, बाय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. तिथल्या मुलांच्या पोटाला घालायला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपण ही गोष्ट त्याग म्हणून सांगतो, आणि तो त्याग आहेच. पण इतकी वर्षं हिशेब लिहिल्यामुळे मला तिच्यात जमेची बाजू कोरडी पडलेला एक महिनाही दिसतो. आज लहान संस्थांमध्ये तो महिना शिक्षिकेच्या घरावर येतो, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं. म्हणून ‘देणग्यां’पुढचा हा आकडा मला नुसता कागदी वाटत नाही.

त्याच भाऊरावांचा मुष्टिफंड आठव. घरच्या बाईनं संस्थेसाठी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. मूठ लहान, पण घरं किती आणि मुठी किती, हे सांगता येतं. आपल्या संस्थांना आधार असलाच तर अशाच पैशाचा आहे.

तेव्हा ती ओळ फोड. नावानिशी लिही: कोण, किती, कोणत्या महिन्यात, कशासाठी आणि गोष्ट कुठवर आली आहे. शेवटच्या रकान्यात माझ्याकडे चारच शब्द असतात: बोलणं, शब्द, पत्र, जमा. लालबागला राहणारे गावातले एक गृहस्थ ‘यंदा अभ्यासिकेच्या छपराचं मी बघतो’ असं म्हणाले, तर ते ‘शब्द’मध्ये जातं. रक्कम आणि महिना त्यांच्याकडून कळेपर्यंत पत्र्याची ऑर्डर द्यायची नाही. धनादेश हातात आला तरी तो वटेपर्यंत ‘जमा’ लिहायचं नाही. माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या घरातही खर्च निघतात.

लहान देणगीदारांसाठी मागच्या तीन वर्षांच्या पावती पुस्तकांच्या स्थळप्रती काढून बस. पहिल्या वर्षी ज्यांनी दिलं त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्या वर्षी दिलं, हे नावं जुळवून मोज. शंभरातले साठ परत आले असतील तर पुढच्या वर्षी साठच धर, शंभर धरू नकोस. नवे किती मिळतील ते वेगळ्या ओळीत, हात राखून. २०२१-२२ पासून आपण आयकर खात्याला देणगीदारांचं १० बीडी विवरण मे अखेरपर्यंत भरत आलो, त्यामुळे नावं आणि रकमा बऱ्याचशा एका जागी मिळतील. लोक तो फॉर्म कटकट म्हणून भरतात. मला मात्र ती अंदाजपत्रकाची तयार सामग्री वाटते.

महिन्यांकडे तर नीट बघच. तुझं मालवण आणि माझं आंबोली एकाच जिल्ह्यात, पण पैशाचे ऋतू उलटे. इथे धबधब्याची गर्दी जून ते ऑगस्ट, आमची देणगीपेटी तेव्हाच भरते. त्यातही घाटात दरड कोसळून शनिवार-रविवार गेला तर पेटी रिकामी. तुझ्याकडे पावसात किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक नाही. जून-जुलैत मासेमारीला बंदी, त्यामुळे ज्या घरांतून तुझी मासिक वर्गणी येते तिथे तेव्हा मागायलाही जीव होणार नाही. नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीच्या होड्या निघाल्या की हात मोकळा होतो, आणि गणपतीला चाकरमानी येतात. तू मात्र वर्षाला बारानं भागून दर महिन्याला सारखी रक्कम मांडली आहेस. शिक्षिकांचं जून, जुलै, ऑगस्टचं मानधन मेअखेर बँकेत वेगळं पडून असलं पाहिजे. वर्षाची बेरीज जुळूनही संस्था जुलैत अडकते ती इथेच.

आता कंपनीचं. तुझ्या टिपणात तीन लाखांच्या सीएसआरपुढे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीपुढे, ‘शक्यता निम्मी’ म्हणून दीड लाख धरले आहेत. दोनशे लहान देणगीदार असतील तर हा हिशेब चालतो. एकाच कंपनीला तो लावता येत नाही, कारण तिथून तीन लाख येतील नाहीतर काहीच येणार नाही. दीड लाख कधीच येणार नाहीत. म्हणून दोन अंदाजपत्रकं कर, एक ते पैसे आल्याचं, एक न आल्याचं. कायम माणसं नेमायची ती दुसऱ्यावर बेतून.

तरी कंपनीचा अंदाज अगदीच आंधळा नसतो. कायद्यानं तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के खर्चावे लागतात. वार्षिक अहवाल उघडून बघ. एखादं वाईट वर्ष त्या सरासरीत पुढची तीन वर्षं रेंगाळतं, म्हणजे ओहोटी आधी दिसते. अचानक काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २८ मार्च २०२०ला पीएम केअर्सला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरला जाईल असं जाहीर झालं आणि पुष्कळ कंपन्यांचा निधी तिकडे वळला. त्याच वर्षी सप्टेंबरात परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, आणि मोठ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा पुढे लहान संस्थेला देणं बंद झालं. ज्यांचं सगळं एकाच दात्यावर होतं त्यांना सावरायला वेळच मिळाला नाही. तुझ्या जमेत एका दात्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर विश्वस्तांच्या सभेत तो लाल शाईनं दाखव.

एखाद्या वर्षी आलेल्या भरतीला पायाही धरू नये. ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक भरभरून देतात. फार मोलाचं काम आहे ते. पण ज्या संस्थेचं नाव त्यात आलं तिनं पुढच्या वर्षीचा अंदाज नाव येण्याच्या आदल्या वर्षावरून करावा, आणि त्या नव्या देणगीदारांना पावतीबरोबर दोन ओळींचं पत्र पाठवावं. कायम निधीसाठी आलेली रक्कम तर चालू जमेत धरायचीच नाही, तिचं व्याज तेवढं धरायचं. छपराचे पैसे छपराचेच. पगार अडला म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

हे सगळं एकदा करून कपाटात ठेवलंस तर उपयोग नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अंदाज, प्रत्यक्ष आणि फरक असे तीन आकडे मांड, आणि फरकापुढे कारण लिही. ‘कमी जमा’ हे कारण झालं नाही. ‘गणेशगल्लीच्या मंडळाला फोन करायचा राहिला’ हे कारण आहे, कारण मग फोन करता येतो. एप्रिलचा अंदाज खोडू नकोस. त्याच्या शेजारी नवा लिही, म्हणजे पुढच्या वर्षी कळेल की आपण कुणाच्या बाबतीत नेहमीच जास्त धरतो.

लेखावर्ष सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयात जायला हवं, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत. स्थळप्रती घेऊन रविवारी बस, नावांची यादी झाली की मला फोटो पाठव. रेंज आली की मी लगेच बघते. तिसऱ्या शिक्षिकेला अजून होकार कळवू नकोस. तिला खरं काय ते सांग: जूनपर्यंत कंपनीचं पत्र आलं तर तात्पुरती नेमणूक, तोवर तिनं दुसरं काम हातचं सोडू नये.

दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या