हायडेलबर्ग ते रोथेनबुर्ग : एका प्रवासाचा बेत

जर्मनीच्या नैऋत्य भागात, नेकार नदीच्या काठी, हायडेलबर्ग हे विद्यापीठाचे जुने गाव आहे. आणि तेथून पूर्वेस, टाउबर नदीच्या खोऱ्यावर, रोथेनबुर्ग हे तटबंदीचे गाव आहे. ‘आउटोबान’ म्हणजे त्या देशातील रुंद हमरस्ता. त्याने गेल्यास या दोहोंमधील अंतर मोटारीने दोन तासांच्या आसपास तुटते. आम्ही त्यासाठी तीन दिवस योजिले. दोन तासांचे तीन दिवस कसे झाले आणि त्यातून एक गाव गळता गळता कसे राहिले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आमची मंडळी म्हणजे मातोश्री, दोन मुले व आम्ही उभयता. मातोश्रींस फार चालवत नाही, मुलांस किल्ल्यांवाचून दुसरे काही सुचत नाही. तेव्हा आम्ही ‘बुर्गेनश्ट्रासे’, म्हणजे दुर्गमार्ग, पत्करला. १९५४ साली प्रवाशांसाठी आखून दिलेली ही वाट नेकारच्या काठाकाठाने किल्ल्यांमागून किल्ले दाखवीत रोथेनबुर्गास व पुढेही जाते.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडील परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही काढून न्यावा. गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने हाकावयाची असते, आणि जेथे खूण वा दिवा नसेल त्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट द्यावी लागते. हे अंगवळणी पडेपर्यंत शेजारी बसणाऱ्याने गप्पा आवरत्या घ्याव्या. बारा वर्षांखालील व दीडशे सेंटिमीटरहून ठेंगण्या मुलांस वेगळे आसन कायद्यानेच लागते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून फराळाचे सामान शनिवारीच घेऊन ठेवावे. जुन्या गावांतील गल्ल्या अरुंद. तेव्हा गाडी वेशीबाहेर ठेवून पायी आत शिरणे उत्तम.

हायडेलबर्गास आम्ही दोन दिवस आधीच येऊन राहिलो आहो. येथील विद्यापीठ १३८६ सालचे. त्याच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर नावाचे अध्यापक होते. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा ही आपली दैवते आणि त्यांचे धनगर भक्त यांच्या अभ्यासास त्यांनी आयुष्य वाहिले. १९९२ साली ते निवर्तले. घरात जेजुरीचा टाक पूजणाऱ्या आमच्या मातोश्रींस हे सांगितले, तेव्हा परके गाव त्यांस एकदम ओळखीचे झाले.

गावावर लाल दगडाचा राजवाडा उभा आहे. पण तो भग्न. चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ व १६९३ साली त्याचा विध्वंस केला. पुढे जी काही डागडुजी झाली तीवर १७६४ साली वीज पडली. लोक त्याचे दगड घरे बांधण्यास नेऊ लागले, तेव्हा त्यांस अडविणारा गृहस्थ फ्रेंचच निघाला : काउंट शार्ल द ग्रँबेर! विसाव्या शतकाच्या आरंभी हा वाडा पुन्हा पूर्ववत् बांधावा की काय, यावर मोठा वाद माजला. गेओर्ग देहिओ या कलेतिहासकाराने बजावले की, उरले आहे ते जपावे, नवे बांधून जुने म्हणू नये. एक भाग तेवढा तोपर्यंत दुरुस्त झाला होता. बाकीचा वाडा भग्नच राखला गेला.

आता पुढील वाट. पहिल्या दिवशी नदीच्या काठाने नेकारश्टाइनाख : एकाच डोंगरधारेवर चार किल्ले. पुढे हिर्शहोर्न, आणि दुपारी हॉर्नबेर्ग. हा किल्ला १५१७ साली ग्योट्स फॉन बेर्लिशिंगेन या सरदाराने विकत घेतला. १५०४ सालच्या लढाईत त्याचा एक हात गेला. तेथे लोखंडी हात बसवून तो पुढे कित्येक वर्षे लढत राहिला व १५६२ साली या किल्ल्यात मरण पावला. ग्योटे या महाकवीने त्याच्यावर नाटक लिहिले. मुलांनी किल्ल्याचे नाव पाठ केले नाही, पण लोखंडी हात मात्र त्यांच्या मुखी बसला आहे. रात्रीचा मुक्काम बाड विम्फेन येथे. तेथे होहेनश्टाउफेन सम्राटांच्या मध्ययुगीन वाड्याचे अवशेष आहेत, आणि लाकडी चौकटींच्या घरांच्या गल्ल्या तर चित्रासारख्या.

दुसऱ्या दिवशी श्वेबिश हाल हे मिठाच्या व्यापारावर वाढलेले गाव. तेथील सेंट मायकेल चर्चच्या भव्य पायऱ्यांवर १९२५ पासून उन्हाळ्यात उघड्यावर नाटके होतात. तिसऱ्या दिवशी लांगेनबुर्ग. तेथील राजवाडा पाहावा, ‘विबेले’ नावाची इवलीशी बिस्किटे घ्यावी, आणि सायंकाळी रोथेनबुर्गच्या वेशीत शिरावे.

विम्फेन व हाल यांच्या मध्ये हाइलब्रोन हे शहर लागते. त्यावर आम्ही पेन्सिलीने काट मारली होती. तेथे पाहण्याजोगे थोडे, घरे बहुतेक नवी, रहदारी फार. मग वेळ का दवडावा? आमचा हिशेब इतकाच होता.

रात्री मातोश्रींनी नकाशा जवळ ओढून विचारले, “वाटेवरच्या या गावावर फुली कशाची?”

आम्ही म्हटले, “ते युद्धात जळाले, आई. आता तेथे जुने फारसे राहिले नाही.”

“म्हणून वगळायचे होय?” त्या म्हणाल्या. “यात्रेला निघाल्यावर देऊळ पडके दिसले म्हणून कुणी हात जोडायचे राहते का?”

आम्ही निरुत्तर झालो. मग त्यांस सगळे सांगणे प्राप्त झाले. ४ डिसेंबर १९४४ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी सुमारे अर्ध्या तासात हे शहर जाळले. साडेसहा हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेकांस शहराबाहेरच्या रानात एकत्र पुरले आहे. तथापि एवढेच सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. याच गावात सहा वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, ज्यूंचे प्रार्थनामंदिर जाळण्यात आले होते. ज्या राजवटीने ती आग लावली, तिनेच पुढे युद्धही पेटविले.

आणि रोथेनबुर्ग? तेही जसेच्या तसे राहिलेले नाही. ३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी त्याचा पूर्वेकडील भाग उद्ध्वस्त केला. पुढे गावाने तो भाग जुन्या वळणाने फिरून उभारला. देशोदेशींच्या लोकांनी पैसा दिला, आणि त्या दात्यांची नावे तटाच्या दगडांवर आज वाचावयास मिळतात. सेंट जेकब चर्चमधील रीमेनश्नायडरचे लाकडी कोरीव काम मात्र पाचशे वर्षांपूर्वीचे अस्सल आहे. आणि त्याच रम्य गावातून ऑक्टोबर १९३८ मध्ये उरलेसुरले ज्यू रहिवासी हाकलून दिले गेले, हेही त्या इतिहासात आहे.

हे सर्व सांगता सांगता आमच्याच ध्यानात आले की, या वाटेवर तीन गावांनी विध्वंसास तीन उत्तरे दिली आहेत. एकाने आपले भग्नावशेष तसेच जपले. एकाने मोडले ते पुन्हा जुन्यासारखे घडविले. आणि एकाने प्रेते पुरून, चर्च व नगरभवन तेवढे सावरून, बाकी साधी नवी घरे बांधली व संसार पुढे चालविला. पहिली दोन पाहण्यास आम्ही हजारो मैल आलो, आणि तिसरे केवळ सुंदर नाही म्हणून टाळीत होतो! पण युद्धातून वाचलेल्या माणसांस आधी डोक्यावर छप्पर हवे होते. येणाऱ्या प्रवाशांच्या डोळ्यांस काय रुचेल याची चिंता त्यांनी का वाहावी?

फुली खोडून टाकली आहे. दुसऱ्या दिवसाची सकाळ आता हाइलब्रोनची : किलियान चर्चचा मनोरा, नगरभवनावरचे जुन्या धर्तीचे खगोलघड्याळ, आणि नंतर रानातील ती दफनभूमी. हालला पोहोचावयास संध्याकाळ होईल. तेथील एखादे प्रेक्षणीय स्थळ राहून जाईल. राहो.

मातोश्रींनी मुलांस फुले घेण्याची आठवण करून ठेवावयास सांगितले आहे. विम्फेनला पोहोचू तो दिवस शनिवार आहे; तेव्हा फुलेही त्याच संध्याकाळी, दुकाने मिटण्यापूर्वी, घेऊन ठेवावी लागतील.