नेरूळचे मोठे मैदान, अंधेरीचे छोटे मैदान

लासलगावचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला कांदाच आठवतो, आणि त्यात काही गैर नाही. १९४७ साली स्थापन झालेली इथली बाजार समिती आशियातील कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावाचा पुकारा, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या आयाबहिणी आणि पाठीवर गोणी वाहणारे हमाल हे इथले रोजचे चित्र. पण संध्याकाळी मोकळ्या मैदानाकडे फेरी मारा. दोन्ही बाजूंना दोन-दोन दगड ठेवून पोरे फुटबॉल खेळताना दिसतील. या खेळाला बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत. एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा मिळाली की वीस पोरांचे काम भागते. म्हणूनच कष्टकऱ्याच्या घरातल्या मुलांना तो परवडतो.

अशा मुलांना घेऊन एकदा तरी पाहून यावी अशी एक जागा मुंबईत आहे. ती आहे अंधेरीचे फुटबॉल मैदान. दिसायला ते फार मोठे नाही. किंबहुना, एका मोठ्या क्लबने फार मोठे मैदान सोडून हे छोटे मैदान आपले घर केले, हीच त्याची गोष्ट आहे.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या वाट्याला ‘मुंबई सिटी’ हा संघ आला. पहिले दोन हंगाम या संघाचे घरचे सामने नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. २००८ साली सुरू झालेले हे स्टेडियम मोठे देखणे आहे. सुमारे ५५ हजार माणसे तिथे बसू शकतात. पहिल्याच घरच्या सामन्यात, ऑक्टोबर २०१४ मध्ये, मुंबईने पुण्याचा ५-० असा फडशा पाडला. पण पुढे गाडी अडली. आठ संघांत पहिल्या वर्षी सातवा आणि दुसऱ्या वर्षी सहावा क्रमांक लागला. शिवाय ते मैदान मूळचे क्रिकेटचे. गोलाकार मैदानाच्या मधोमध फुटबॉलची चौकट आखली की प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात बरेच अंतर पडते.

आपल्या लासलगावच्या माणसाला हे चटकन समजेल. मोठ्या यार्डात आवक थोडी असेल तर लिलावाला रंग चढत नाही. त्यापेक्षा छोटा उपबाजार बरा, जिथे गाड्या दाटीने उभ्या असतात आणि व्यापारी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बोली बोलतात. २०१६ साली मुंबई सिटीने असाच हिशेब केला. पंचावन्न हजारांचे मैदान सोडून हा संघ अंधेरी पश्चिमेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातील मैदानावर आला. तिथे सामन्याला बसू शकतात फक्त सात-आठ हजार माणसे.

गंमत अशी की आपला कांदा याच्या नेमका उलट गेला आहे. मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८० च्या दशकात जुन्या मुंबईच्या गर्दीतून निघून नवी मुंबईत मोठ्या जागेत गेला. लासलगावहून कांदा घेऊन जाणाऱ्या कितीतरी ट्रकचालकांना आणि तिथे माल उतरवणाऱ्या माथाडी बंधूंना तुर्भे-नेरूळचा रस्ता तोंडपाठ आहे. मालाला जागा लागते, म्हणून बाजार बाहेर गेला. खेळाला माणसे लागतात, म्हणून क्लब माणसांच्या वस्तीत आला.

अंधेरीचे हे संकुल मुंबई महापालिकेचे. ते १९८८ साली सुरू झाले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला तो इथेच, हे अनेकांना आठवत असेल. फुटबॉलचे भाग्य मात्र २०१६ साली उजळले. त्या वर्षी ३ सप्टेंबरला भारताने या मैदानावर पोर्तो रिको संघाला ४-१ असे हरवले. १९५५ नंतर मुंबईत झालेला तो पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना होता. म्हणजे एकसष्ट वर्षे मुंबईने आपल्या देशाचा संघ घरी खेळताना पाहिला नव्हता! त्याच हंगामात मुंबई सिटीकडून उरुग्वेचा दिएगो फोर्लान खेळला. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस अंधेरीच्या गवतावर धावला, आणि मुंबई सिटीने पहिल्यांदाच गुणतक्त्यात पहिला क्रमांक मिळवला.

आता जायचे कसे ते सांगतो. लासलगावहून सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघावे आणि ठाण्याला उतरावे. तिथून लोकलने घाटकोपर. घाटकोपर स्थानकाला लागूनच मेट्रोचे स्थानक आहे. २०१४ साली सुरू झालेली ही मुंबईची पहिली मेट्रो. वर्सोव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे आणि अंधेरीच्या पुढच्याच आझाद नगर स्थानकावर उतरायचे. तिथून मैदान चालत जाण्याइतके जवळ आहे. दर वर्षी ६ डिसेंबरला दादरपर्यंत जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना मुंबईची लोकल नवी नाही. मेट्रोत मात्र मुलांना खिडकीपाशी उभे करावे. साकीनाका, असल्फाच्या डोंगरावरच्या वस्त्या, पत्र्याची छपरे आणि त्यांच्यामागे काचेच्या इमारती, असे अर्धे मुंबई दर्शन त्या प्रवासातच होते.

दोन-तीन गोष्टी आधी लक्षात ठेवाव्यात. तिकीट मोबाईलवरून आधीच काढून ठेवावे, कारण मैदान लहान आहे. डबा बाहेरच खाऊन घ्यावा, आत सहसा नेऊ देत नाहीत. सामने बहुधा संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे सुटेपर्यंत साडेनऊ होतात. परतीची पंचवटी त्याआधीच गेलेली असते. तेव्हा मुक्कामाची सोय हवी. घाटकोपरच्या रमाबाई नगरात किंवा चेंबूर-मुलुंडकडे आपल्यापैकी अनेकांचे नातलग आहेत. त्यानिमित्ताने भेटही होते.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती जवळीक. खेळाडूने चेंडूला लाथ मारल्याचा आवाज ऐकू येतो. एकमेकांना मारलेल्या हाका ऐकू येतात. दूरचित्रवाणीवर हे कधी कळत नाही. माझी पुतणी सातवीत शिकते. ती मिझोरामच्या लालियानझुआला छांगतेला कडेने धावताना पाहून बाकावरून उठूनच उभी राहिली. मध्यंतरात तिने हळूच विचारले, “काका, इथे आपल्यासारखी माणसे खेळतात का?”

पोरीचा प्रश्न साधा होता, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. याच महाराष्ट्रात पळवणकर बाळू यांच्यासारखा थोर गोलंदाज होऊन गेला. १९११ साली त्याने इंग्लंडचे मैदान गाजवले. पण आपल्याच संघात त्याला चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मैदानावर घेतले, पण पंक्तीत घेतले नाही. आज तसे उघडपणे कोणी करणार नाही. तरीही मैदान कोणाचे, हा प्रश्न संपलेला नाही. मी तिला राहुल भेकेचे नाव सांगितले. मुंबईचा हा मराठी मुलगा. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले, तेव्हा विजयी गोल त्याने डोक्याने मारला. आशियाच्या चँपियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मुलींचे म्हणशील तर २०२२ च्या महिला आशिया चषकाचे सामने याच अंधेरीच्या मैदानावर झाले, हेही सांगितले. ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी इथेच इंडोनेशियावर १८ गोल केले होते. ते ऐकून तिचे डोळे विस्फारले.

मैदान लहान केले म्हणजे ते आपोआप भरते असे मात्र समजू नये. १ जून २०१८ रोजी इथेच भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, आणि ते पाहायला हजर होती अवघी २,५६९ माणसे. तेव्हा कर्णधार सुनील छेत्रीने लोकांना हात जोडून विनंती केली की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. तीन दिवसांनी, ४ जूनला, केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. त्या दिवशी मैदान गच्च भरले, आणि भारत ३-० ने जिंकला. बाके तीच, गवत तेच. फरक पडला तो माणसांनी मनावर घेतल्यामुळे.

मोठ्या मैदानालाही त्याचे स्थान आहेच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने आणि २०२२ च्या मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत नेरूळलाच झाली. सणाला मोठा मांडव लागतो. पण रोजचा संसार घरातच होतो.

इंग्लंडमध्ये विम्बल्डन नावाचा एक क्लब होता. मालकांनी तो २००३ साली दूरच्या गावी नेला. तो जाणार हे ठरताच २००२ साली तिथल्या सामान्य प्रेक्षकांनी आपला नवा क्लब काढला, अगदी तळाच्या पायरीपासून सुरुवात केली, आणि २०२० साली जुन्या मैदानाच्या शेजारी सुमारे नऊ हजारांचे स्वतःचे मैदान उभे केले. मालक क्लब नेऊ शकतो, पण माणसे हलली नाहीत तर मूळ तिथेच राहते.

आपल्याकडे मात्र मालक हात काढून घेतो तेव्हा खेळाडूच रस्त्यावर येतो. एके काळी मुंबईत टाटा, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ होते. चाळीतल्या पोराला फुटबॉलच्या जोरावर नोकरी लागत असे. २०१० साली महिंद्र युनायटेड बंद झाला. इतर संघही एकेक करून मागे पडले. आज वरच्या फळीत पैसा खूप आला, पण तिथे पोचणारे थोडे. म्हणून मुलांना खेळू द्यावे आणि शाळाही सोडू देऊ नये. दोन्ही सांभाळता येते.

अंधेरीचे मैदान महापालिकेचे, म्हणजे जनतेचे. लासलगावातही जनतेच्या पैशातून एक सपाट, कुंपण घातलेले, पाण्याची सोय असलेले मैदान व्हायला हरकत काय? बाके आठ हजार नकोत, ऐंशी पुरेत. मुलांनी खेळावे, मुलींनाही वेळ राखून ठेवावी, आणि दिवसभर खळ्यावर राबलेल्या आईबापांनी संध्याकाळी कडेला बसून आपल्या लेकरांचा खेळ पाहावा. गावच्या कारभाऱ्यांकडे ही मागणी सर्वांनी मिळून करावी. तोपर्यंत येत्या हंगामात एक दिवस काढा, मुलांना घेऊन अंधेरीला जाऊन या. मैदान कसे असावे हे त्यांनी एकदा पाहिले की मागणी कशी करायची ते तीच तुम्हाला शिकवतील.